साहेबराव दाजींनी झोपेसाठी घातलेलं जागरण

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याविषयी मी चार चांगले शब्द लिहीन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्यानं हे वाचूच नये. तोंडावर मी त्यांना दाजी म्हणते, अहो-जाहो करते, दिवाळीला वाकून पाया पडते. पाठीमागं काय म्हणते ते आमच्या भांडगावात सगळ्यांना माहीत आहे. तिसरी मुलगीच झाली म्हणून आईबापांनी माझं नाव नकुशी ठेवलं. नको असलेल्या माणसानं गोड बोलावं असं कुणाला वाटत नाही, ही त्यातली सोय. उभा जन्म अंगणवाडीत लोकांची पोरं सांभाळली, त्यामुळं मोठ्या वयाची पोरंही मला लगेच ओळखू येतात. साहेबराव दाजी त्यांतलेच एक.

दाजी न्हावऱ्याचे. गावात दूध संकलन केंद्र चालवतात. चालवतात म्हणजे खुर्चीत बसतात. दूध मोजायला एक माणूस आहे, कॅन धुवायला दुसरा आहे, आणि फॅट सांगायला मशीन आहे. एखादी बाई म्हशीचं दूध घेऊन आली आणि फॅट कमी लागली म्हणून कुरकुरली, की दाजी जागचे न हलता मशीनकडं बोट करायचे. ‘‘मशीन खोटं बोलत न्हाई, बाय. म्हशीला इचार.’’ बाई बिचारी रिकामी किटली घेऊन घरी जायची. हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या जणींना ऐकवलं असेल, की ते केंद्राच्या पाटीवरच लिहून टाकलं असतं तरी चाललं असतं.

माझी बहीण जाईबाई, म्हणजे आमची अक्का, हिला या माणसाच्या घरी देऊन आमचे वडील निवांत झाले. अक्का कमी बोलते. दाजी तिचंही बोलणं आपणच बोलून घेतात, त्यामुळं त्या घरात कधी भांडण झालं नाही. लोक त्याला सुखाचा संसार म्हणतात.

दाजींचं घोरणं न्हावऱ्यात प्रसिद्ध होतं. उन्हाळ्यात ते अंगणात झोपले की शेजारची कुत्री उठून दुसऱ्या आळीला जायची. दाजींना त्याचा अभिमान होता. ‘‘मर्दाची झोप हाय, आवाज व्हनारच,’’ म्हणायचे. त्या आवाजाच्या मध्येच एकदम सगळं गप्प व्हायचं, मग गुदमरल्यासारखा आचका, आणि पुन्हा घरघर सुरू. रात्रभर झोपून उठलेला हा मर्द सकाळी केंद्रात खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगायचा. मापाच्या वेळी मान छातीवर. शेवटी एकदा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून येताना गाडी चालवता चालवता डुलकी लागली आणि मोटरसायकलसकट उसात गेले. हाडं शाबूत राहिली. ‘‘समोर कुत्रं आलं,’’ असं सांगितलं गावाला. त्या कुत्र्याला अजून कुणी पाहिलेलं नाही.

मग त्यांचा मुलगा माऊली, जो रांजणगावला कंपनीत असतो, त्यांना धरून पुण्याला घेऊन गेला. एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. निदान झालं, की झोपेत घसा आवळतो, श्वास पुन्हा पुन्हा थांबतो आणि हृदयाला ताण बसतो. असंच चालू राहिलं तर एखाद्या रात्री माणूस उठायचा नाही. नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन दिलं. ते पाईपातून हवा सोडत राहतं, त्यामुळं घसा मिटत नाही.

मशीन आलं आणि घोरणं त्याच रात्री थांबलं. सगळ्या गल्लीला सुटल्यासारखं वाटलं. दाजींनी महिनाभर मशीनचं कौतुक सांगितलं. मोबाईलवर रोज सकाळी झोपेचे मार्क यायचे, शंभरपैकी पंच्याण्णव, शंभरपैकी शहाण्णव. दहावीला पस्तिसावर अडकलेला माणूस साठीत पहिला आला होता. दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला मोबाईल दाखवल्याशिवाय किटली परत मिळत नव्हती.

फक्त एक अडचण होती. दाजींना रात्रीतून चार-पाच वेळा जाग यायची. दचकून जाग यायची. मग उठून बसायचं, घड्याळ बघायचं, अक्काला हाक मारायची, ‘‘परत जाग आली गं!’’ म्हणून ओरडायचं, चहा मागायचा. आपल्याला जाग आली आणि बायको झोपली आहे, हे त्या घरात चालण्यासारखं नव्हतं. अक्का उठायची, चहा ठेवायची. तो पिऊन झोप येत नाही म्हणून दाजी अजून चिडायचे. सकाळी पुन्हा खुर्चीत डुलक्या.

चिडून डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी मशीनमधली सगळी माहिती काढून पाहिली आणि सांगितलं, आजार अगदी ताब्यात आहे, श्वास कुठं अडकत नाही, हवा कुठं गळत नाही. दाजी म्हणाले, मग मला जाग का येते? डॉक्टर म्हणाले, मशीनचे आकडे चांगले आहेत, आता दुसरं कारण शोधू. दुपारी झोपू नका, रात्री चहा नको, जाग आली तर घड्याळ बघू नका, डोळे मिटून पडून राहा, मधेअधे जाग सगळ्यांनाच येते.

म्हणजे जन्मभर बायांना जे ऐकवलं तेच दाजींना ऐकायला मिळालं. मशीन खोटं बोलत नाही, साहेबराव. हे मला माऊलीनं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. केंद्रातल्या बायांना सांगायला हवं होतं, पण त्यांना दूध तिथंच घालायचं होतं.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं. खोलीत सोबत कोण झोपतं? त्यांना पुढच्या वेळी आत घेऊन या, त्यांच्याशी बोलायचंय. ही गोष्ट दाजी विनोद म्हणून सांगत. ‘‘मी म्हनलं, डॉक्टर, आजारी मी हाय का ती? तिला काय कळतंय?’’ अक्का त्या वेळीही बाहेर बाकावर भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही वेळा बाहेरच बसली होती. आत दोनच खुर्च्या होत्या, त्यांवर बापलेक.

डॉक्टरांचं ऐकायचं नाही म्हटल्यावर गावाचं ऐकणं आलं. न्हावऱ्यात झोपेचे इतके जाणकार आहेत हे आधी कुणाला माहीत नव्हतं. खाटेचं तोंड फिरवा. दुधात जायफळ घ्या. तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळा. ती वाटी कोण फिरवणार? अक्का. दिवसभर म्हशी, स्वयंपाक, आणि रात्री साहेबांचे तळपाय. एकानं सांगितलं विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजानं जाग येते, तर दाजी विहीरवाल्याशी भांडून आले. एकानं घुबड सांगितलं, तर माऊलीला बॅटरी घेऊन कडुलिंबाखाली उभा केला. रोग रेड्याला आणि इलाज पखालीला, दुसरं काय.

सगळ्यांत वरताण निघाले म्हाळू आप्पा. दाजींच्या भावकीतले हे आप्पा केंद्राच्या कट्ट्यावर सकाळपासून बसलेले असतात. त्यांनी तंबाखू मळत निकाल दिला, ‘‘साहेबराव, तुला जाग येत न्हाई. तुला देव जागं करतोय. तुझ्या बापानं खंडोबाला जागरन बोललं हुतं, ते ऱ्हायलंय.’’

बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. नवस बोलला होता की नव्हता, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना पटला. आणि ठरलं. रात्रीची झोप लागावी म्हणून दाजी सगळ्या गावाला रात्रभर जागवणार. मी फोनवर अक्काला म्हटलं, ‘‘अगं, झोप यावी म्हणून जागरण घालत्यात का कुणी?’’ ती म्हणाली, ‘‘देवाचं हाय, नगं बोलू.’’

पण मग ती हळूच जे म्हणाली, त्यानं माझं हसू थांबलं. दाजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की जागरणानंतरही जाग आली, तर मशीनचा काही उपयोग नाही. माऊलीला सांगून ते विकून टाकायचं. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. ‘‘डॉक्टर म्हनला हुता मशीनबिगर झोपायचं न्हाई,’’ अक्का म्हणाली. ‘‘माऊलीनं मला तेवढं सांगितलंय. नकुशे, ह्यांचं काय हुईल गं?’’

माणूस कसाही असला तरी माझ्या बहिणीच्या कपाळावर त्याच्या नावाचं कुंकू आहे. मी चौफुल्याला जीप बदलून न्हावऱ्याला गेले.

मार्गशीर्षातली थंडी होती. अंगणात मांडव, पाच उसांचा चौक, दिवटी, भंडारा. वाघ्या-मुरळीची पार्टी आली. पुरणपोळ्यांच्या चुलीपुढं अक्का दुपारपासून उभी होती आणि पूजेला बसायच्या वेळी घाईघाईनं हात धुऊन दाजींशेजारी पाटावर बसली. दाजींनी फेटा बांधला होता. चेहरा असा, की खंडोबाच त्यांच्या दर्शनाला आलाय. येळकोट झाला, तुणतुणं सुरू झालं, मुरळी नाचली. आणि अर्धी रात्र होते न होते तोच आमचे यजमान तक्क्याला टेकले आणि घोरायला लागले.

स्वतःच्या झोपेसाठी घातलेल्या जागरणात यजमान झोपला. मशीन आत खोलीत, हे बाहेर मांडवात. वाघ्यानं आवाज चढवला, दाजींनीही चढवला. पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. म्हाळू आप्पा म्हणाले, ‘‘बगा, देवानं झोप दिली!’’ मी म्हटलं, आप्पा, देवानं नाही, पुरणपोळीनं दिली.

मग पार्टी चहाला थांबली. वाद्यं बंद झाली. मांडवात दाजींचं घोरणं तेवढं राहिलं. मी बायांच्या बाजूला आले तर अक्का खांबाला डोकं टेकवून गाढ झोपली होती. इतक्या गोंगाटात, दहा बायांच्या गर्दीत, तोंड उघडं टाकून झोपली होती. मला बरं वाटलं. मी तिच्या अंगावर शाल टाकायला वाकले.

तेवढ्यात दाजींचं घोरणं थांबलं.

अक्काचे डोळे उघडले. कुणी हाक मारली नव्हती, कुणी हात लावला नव्हता. ती उठली, बायांच्या मांड्यांमधून वाट काढत गेली, दाजींचा खांदा धरून गदागदा हलवला. दाजींनी आचका दिला, श्वास घेतला, डोळे अर्धे उघडले, आणि पुन्हा घोरायला लागले. अक्का परत आली, खांबाला टेकली, डोळे मिटले.

मी तिला झोपू दिलं नाही. ‘‘आक्का, काय केलंस आत्ता?’’

‘‘काय न्हाई. श्वास आडाकला हुता.’’

‘‘तुला झोपेत कसं कळलं?’’

‘‘घोरनं थांबलं की.’’ जणू मीच वेडी.

‘‘हे तू रोज करतीस?’’

‘‘माऊली धाव्वीत हुता तवापास्नं. येकदा असंच गप झालं आन् मी हात लावला तर नाकातनं वारं न्हाई. मी हलवलं तवा आलं. त्या दिवसापास्नं माजी झोपच तशी झाली.’’

‘‘आन् मशीन आल्यावर?’’

अक्कानं सुस्कारा टाकला. ‘‘मशीन आल्यापास्नं लई तरास हाय बग. आदी घोरायचं. घोरत्यात तवर बरं हायेत असं कळायचं, माजाबी डोळा लागायचा. आता आवाजच ग्येला. सगळी रात गप. मला भ्या वाटतं. मग मी खाटंवर हात नेती, खांदा हलवती. हललं का गप पडून घेती.’’

‘‘अगं म्हंजी दाजींची झोप तूच...’’

‘‘मोडती की. वरडत्यात, च्या मागत्यात. मी सांगत न्हाई, सांगितलं तर अजून वरडतील.’’ मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘वरडू दे. उठत्यात म्हंजी हायेत ना गं.’’

मला त्या मांडवात ओरडावंसं वाटलं. पुण्याचं हॉस्पिटल झालं, घुबड झालं, विहीर झाली, खंडोबाला वेठीला धरून झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खाटेखाली वाकळ टाकून जी बाई झोपते, तिला या बापलेकांपैकी एकानंही एका वाक्यात सांगितलं नव्हतं की मशीन करतं काय. घोरणं थांबलं म्हणजे श्वास थांबला, हे ती अनुभवानं शिकली होती, आणि तोवर ते खरंही होतं. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं तर हा शहाणा म्हणतो, तिला काय कळतंय.

पहाटे वाघ्यानं देवाची लोखंडी साखळी ओढून लंगर तोडला, भंडारा उधळला, लोक पांगले. मी अक्काला खोलीत नेलं, मशीन चालू केलं आणि तिचा तळहात मास्कपुढं धरला. ‘‘हे बघ, हे रात्रभर वारं ढकलतं. म्हणून घसा मिटत न्हाई, म्हणून घोरणं न्हाई. आता गप म्हंजी बरं.’’ तिनं हात बराच वेळ तिथंच ठेवला. मग पदरानं डोळे पुसले. ‘‘मग मला कुनी सांगितलं का न्हाई?’’ मी माऊलीला हाक मारली आणि त्याला त्याच्या आईसमोर उभं करून झाडलं. पोरगं खाली मान घालून उभं राहिलं. वाईट नाही तो, बापाचा मुलगा आहे एवढंच.

मग दाजींकडं गेले. मला त्यांना शरमिंदा करायचं होतं, हे मी लपवत नाही. ते फेटा सोडून अंगणात दात घासत होते. मी सगळं सांगितलं, एकेक शब्द मोजून. माऊलीच्या दहावीपासून तुमच्या प्रत्येक श्वासावर ती पहारा देतेय, असंही सांगितलं.

दाजींचं दात घासणं थांबलं. मला वाटलं, लागलं. मग चूळ भरली, थुंकले आणि म्हणाले, ‘‘म्हंजी मशीन चांगलं हाय!’’

‘‘दाजी, मी काय सांगतेय...’’

‘‘आन् ही बया माजी झोप मोडत हुती व्हय! मी सगळीकडं चोर धुंडतोय आन् चोर खाटंखाली!’’ आणि खो-खो हसले. रागावलेसुद्धा नाहीत. रागवायला समोरचं माणूस दिसावं लागतं.

दुपारपर्यंत केंद्राच्या कट्ट्यावर ही गोष्ट तीनदा सांगून झाली होती. तिच्यात अक्का खुळी होती, डॉक्टर अडाणी होता आणि खंडोबा हुशार होता. जागरण घातलं तसा देवानं चोर धरून दिला. म्हाळू आप्पांनी मान डोलावली, कारण निम्मं श्रेय त्यांचं होतं. त्याच रात्रीपासून अक्काची वाकळ कोठीच्या खोलीत गेली, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. मशीन विकायचं राहिलं, तेवढं एक माझ्या पदरात पडलं. दाजींना जाग यायची थांबली. त्यांच्या गालांवर तेज आलं. आता ते इतरांना झोपेचा सल्ला देतात, ‘‘बायकूला येगळ्या खोलीत झोपवा, औशदाची गरज न्हाई.’’ ऐकणारे हसतात आणि दूध घालून जातात.

संक्रांतीला मी पुन्हा न्हावऱ्याला गेले. हवेत असा गारठा होता की संध्याकाळीच शेकोट्या पेटल्या होत्या. दाजींनी दारातच गाऱ्हाणं सुरू केलं. ‘‘नकुशीबाई, तुमच्या बहिनीला सांगा काईतरी. कडाक्याच्या थंडीत पंखा लावून झोपती. म्हातारपनी कसली गरमी चढलीया देव जानं.’’ आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत मफलर गुंडाळून घेतला. मी अक्काकडं पाहिलं. ती चुलीतली लाकडं सारत होती.

रात्री मी तिच्याबरोबर कोठीत झोपले. खरंच पंखा लावला होता, चांगला जोरात. अक्कानं अंगावर दोन वाकळा घेतल्या होत्या, डोक्याला फडकं बांधलं होतं, पाय पोटाशी घेतले होते. माझे दात वाजायला लागले. तिला झोप लागली असं पाहून मी उठले आणि पंखा बंद करायला बटणाकडं हात नेला. तिनं अंधारात माझी साडी ओढली.

‘‘ऱ्हाऊ दे. फिरू दे.’’

‘‘अगं, कुडकुडतीयस! कशाला हा हट्ट?’’

‘‘पंखा थांबला का मला जाग येती,’’ अक्का म्हणाली. ‘‘लाईट ग्येली का त्यांचं मशीन बंद पडतं. मधी भिंत हाय, दार लोटल्यालं असतं, हितं काय ऐकाया येत न्हाई. पंख्याचं मातुर लगी कळतं.’’

‘‘मग काय करतीस?’’

‘‘जाती. नाकावरचं काढती, हळूच कुशीवर करती आन् लाईट येस्तवर खाटंपाशी बसती. लाईट आली का परत लावती. कवा घटकाभरात येती, कवा उजाडतं.’’

‘‘दाजींना ठाऊक हाय?’’

‘‘त्यांना कशाला सांगायचं? आत्ता कुठं लागाया लागलीया झोप.’’ तिनं वाकळेची कड माझ्यासाठी उचलून धरली. ‘‘ये, गार पडशील.’’